दर किलोमागे

वजनकाका मेले तेव्हा काट्यावर उंदीर होता.

पांढरा, गुलाबी शेपटीचा, झाकणाला भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात बसवलेला. काट्याच्या पडद्यावर आकडा लुकलुकत होता, दोनशे बारा. उंदीर हलला की दोनशे अकरा, स्वस्थ बसला की पुन्हा दोनशे बारा. आणि टेबलाखाली, खुर्ची अंगावर घेऊन, वजनकाका आडवे पडले होते. बावीस वर्षं या खोलीत त्यांनी उंदरांची वजनं केली. आज त्यांच्याकडे बघायला तो उंदीरच तेवढा होता.

"आधी तो उंदीर हलवा," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या.

"मी?" हवालदाराने विचारलं. चोवीस वर्षांच्या नोकरीत त्याने दरोडेखोर धरले होते. उंदीर धरायची वेळ आली नव्हती.

"द्या, मी नेते." मागून एक मऊ आवाज आला. पन्नाशीची, पांढऱ्या कोटातली बाई पुढे झाली. तिने डबा अलगद उचलला, उंदीर पिंजऱ्यात सोडला आणि पिंजऱ्यावरच्या कार्डात पेनाने लिहिलं, दोनशे बारा. मग कोटाच्या बाहीने डोळे पुसले.

या ताई. प्रयोगशाळेच्या मुख्य शास्त्रज्ञ. मालकांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणत. कुणाचं डोकं दुखलं, कुणाला ताप आला, की ताईंकडे गोळी मिळे. गेल्या वर्षापासून कर्मचाऱ्यांची आरोग्य तपासणीसुद्धा त्यांनीच हौसेने अंगावर घेतली होती.

"कधी गेले?" इन्स्पेक्टर बाईंनी विचारलं.

"बारा वाजून सात मिनिटांनी."

"तुम्ही जवळ होतात?"

"हो. सकाळपासून त्यांना बरं वाटत नव्हतं. मी म्हटलं, काका, घरी जा. ऐकेनात. उंदीर उपाशी ठेवलेत, वजनं राहतील, म्हणाले. मी बसले सोबत." ताईंनी पिंजऱ्याचं दार लावलं. "माझा हात धरून गेले."

दारात मालक उभे होते. गोरेगोमटे, रुमालाने मानेचा घाम पुसणारे. "हार्ट ॲटॅक असणार," ते म्हणाले. "साठीला आला होता. उगाच बोभाटा नको, मॅडम. आमच्या संस्थेचं नाव आहे."

"तुमच्या संस्थेत कसलं काम चालतं?"

मालकांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनीच सांगितलं. शाळेतल्या पोरांना समजावून सांगावं, इतक्या सोप्या शब्दांत.

कारखानदार नवीन कीटकनाशक बनवतो. ते किती विषारी आहे हे ठरवल्याशिवाय बाजारात आणता येत नाही. मग ते इथे येतं. उंदरांच्या एका कळपातले निम्मे ज्या डोसला मरतील, तो डोस शोधायचा. दर किलो वजनामागे किती मिलीग्रॅम, अशी त्याची नोंद होते. आकडा जितका लहान, तितकं विष जहाल. दोन विषांची तुलना करायची तर असे दोन आकडे शेजारी ठेवायचे.

"म्हणून आधी वजन," ताई म्हणाल्या. "वजन चुकलं की डोस चुकला. आणि आधी उपाशी ठेवायचं. पोटात अन्न असलं तर विष सावकाश भिनतं, आकडा बिघडतो."

"दर वेळी शंभर उंदीर मारता?"

"पूर्वी मारत. आता एकेक घेतो. एकाला डोस द्यायचा. जगला, तर पुढच्याला दुप्पट. मेला, तर पुढच्याला निम्मा. असं वर-खाली करत आकड्यापाशी पोचायचं."

हवालदार तेवढ्यात पिंजऱ्यांवरची कार्डं वाचत होता. प्रत्येक कार्डावर वजनापुढे कुठे वर्तुळ, कुठे फुली. "मॅडम, इथे फुलीगोळा खेळतात वाटतं."

"वर्तुळ म्हणजे जगला," ताई म्हणाल्या. "फुली म्हणजे मेला."

हवालदाराने कार्डावरचा हात चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"आणि माणसाला किती लागतं, हे कसं कळतं?" बाईंनी सहज विचारलं.

"कळत नाही. एकाच विषाचा उंदराला तीसचा डोस लागतो, सशाला नव्वदचा, माणसाला किती? दहाने भागतात, शंभराने भागतात. सगळा अंदाज. जगात सगळीकडे अंदाजच चाललाय."

आवाज मऊच होता, पण त्यात चीड होती. बाईंना ती जाणवली आणि तेवढ्यावरच राहिली, कारण त्याच वेळी प्रयोगशाळेच्या शिपायाने वजनकाकांचा चहाचा फ्लास्क आणून दिला होता.

*

फ्लास्कमधल्या चहात विष निघालं. एकशे सतरा नंबरचं. कारखानदाराने नाव ठेवायच्या आधीच तपासायला पाठवलेलं कीटकनाशक. प्रयोगशाळेत त्याचं कपाट होतं आणि किल्ल्या तिघांकडे होत्या, मालक, ताई आणि वजनकाका. वजनकाकांची किल्ली रोज संध्याकाळी घरी जायची, स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगली जायची. आणि चहा वजनकाकांच्या बायकोने भरला होता.

शेजारणीने विचारायच्या आत सांगितलं. "रोज भांडणं. परवाच म्हणाली ती त्याला, एकदाचा मर, म्हणजे मी सुटेन. माझ्या कानांनी ऐकलं."

अटक बाईंनीच केली. वरिष्ठांचा फोन आला होता, प्रकरण सरळ आहे, ताणू नका. चोवीस तासांच्या आत कोर्टात उभं करायचं होतं. एकदा आरोप ठेवला गेला की खटला उभा राहीपर्यंत दोन-तीन वर्षं तुरुंगात, हे बाईंना पाठ होतं. काकूंना ते कुणी सांगितलं नव्हतं.

काकू धिप्पाड होत्या. कोठडीतल्या बाकावर बसल्या तर बाक करकरला.

"तुम्ही त्यांना मर म्हणालात?"

"तीस वर्षं म्हणतेय. मेला होता का?"

"चहात काय घातलंत?"

"चहा. दूध. साखर कमी, त्याला साखरेचा आजार लागत होता म्हणून."

"त्या दिवशी सकाळी काय खाऊन गेले?"

काकूंची नजर एकदम जमिनीवर गेली. "काही नाही. उपाशी गेला. रक्ताची तपासणी होती ना ऑफिसात. तपासणी झाल्यावर प्यायला चहा दिला होता."

बाईंच्या हातात शवविच्छेदनाचा अहवाल होता. "पोटात ब्रेड आणि उकडलेलं अंडं सापडलंय, काकू."

काकूंच्या तोंडावरचा रंग उडाला. "मला नाही माहीत."

"घरी अंडी होती?"

"मला नाही माहीत म्हटलं ना!"

खोटं होतं. धडधडीत, आंधळ्यालाही दिसेल असं खोटं. बाईंनी ते लिहून घेतलं आणि बाहेर आल्या. प्रकरण खरंच सरळ होतं. तरी बाईंनी गाडी सरकारी केमिस्टकडे वळवायला सांगितली.

*

सरकारी केमिस्ट म्हातारा होता, काटकुळा, आणि सगळ्या जगावर रागावलेला.

"तुम्ही माझा अहवाल वाचलात?" त्याने विचारलं.

"वाचला. विष एकशे सतरा नंबरचं."

"ते पहिल्या ओळीत आहे. पुढच्या अकरा ओळी मी काय हौस म्हणून लिहिल्या?" त्याने चष्मा कपाळावर सरकवला. "फ्लास्कमधून एक झाकण चहा कमी होता. बरोबर? त्या एका झाकणात दोन हजार मिलीग्रॅमच्या वर विष बसतं. आणि या माणसाच्या अंगात, पोट, यकृत, रक्त सगळं धरून, किती होतं? अडीचशेच्या आसपास."

"म्हणजे त्यांनी घोटभरच घेतला."

"घेतलाच नाही. पोटात दुधाचा थेंब नाही. ब्रेड आहे, अंडं आहे, आणि साखर आहे. भरपूर साखर, पाण्यात विरघळलेली. साखरेच्या आजाराला भिणारा माणूस हे का पिईल?"

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "फ्लास्कमध्ये विष मागाहून घातलं?"

"आणि घाईत घातलं. ओतलं म्हणा. पण पोटातलं विष घाईचं नाही." केमिस्टने हवालदाराकडे बोट रोखलं. "तू. अडीचशेला चौसष्टने भाग. मेलेला माणूस चौसष्ट किलोचा होता."

हवालदाराने ओठ हलवत, बोटं मोडत हिशेब केला. "तीन... तीन पूर्णांक नऊ दशांश. चारच म्हणा."

"चार. दर किलोमागे चार मिलीग्रॅम." केमिस्ट दात काढून हसला. हसणं चांगलं नव्हतं. "बाईसाहेब, चाळीस वर्षं मी विषं तपासतोय. बायका नवऱ्यांना विष घालतात तेव्हा चमचाभर घालतात, मूठभर घालतात. वजन करून कुणी घालत नाही."

"वजन करून कोण घालतं?"

"तुमचं वजन किती?"

"ते विचारू नका."

"बघा. माणूस आपलं वजन पोलिसांनासुद्धा सांगत नाही. ज्याने हे केलं, त्याने याला आधी काट्यावर उभं केलंय."

*

बाई पुन्हा प्रयोगशाळेत गेल्या त्या दुपारी. ताई नेमक्या बाहेर गेल्या होत्या. टायपिस्ट मुलगी अहवाल टाइप करत होती. लुकडी, मोठ्या डोळ्यांची.

"त्या दिवशी वजनकाकांची आरोग्य तपासणी होती?"

"हो. सकाळी आठला. दर तीन-चार आठवड्यांनी एकाची असते. उपाशी यायचं. ताई वजन घेतात, रक्त घेतात, मग साखरेचं पाणी देतात प्यायला, आणि दोन तासांनी परत रक्त. तोपर्यंत तिथेच बसायचं."

"तुझी झाली?"

"झाली ना, दोन महिन्यांपूर्वी. मला जरा गरगरलं. ताई म्हणाल्या, अशक्तपणा आहे. किती करतात हो त्या! चार तास माझ्याजवळ बसल्या. नाडी बघायच्या, डोळ्यांत बॅटरी मारून बघायच्या, लिहून ठेवायच्या. सख्खी आई एवढं करत नाही."

"आणखी कुणाला त्रास झाला?"

"ड्रायव्हरदादांना. ते तर तीन दिवस हॉस्पिटलात होते. बाहेरचं खाल्लं असणार, म्हणाले."

ड्रायव्हर आवारात गाडी पुसत होता. गडी उंचापुरा, ऐंशी किलोचा.

"बाहेरचं काय खाल्लं होतंस?"

"काय खाणार? तपासणी म्हणून उपाशीच आलेलो. त्या साखरेच्या पाण्यानेच मळमळलं असेल. मला गोड म्हटलं की शिसारी येते. ताईंना वाईट वाटेल म्हणून अर्धं प्यालो. त्या वळल्या तसं उरलेलं खिडकीतल्या कुंडीत ओतून दिलं." त्याने डोळा मारला. "सांगू नका हं त्यांना. त्यांनी माझ्या उलट्या काढल्यात स्वतःच्या हाताने."

"हॉस्पिटलात कधी नेलं तुला?"

"दुपारी. चक्कर आली दहाला, पण ताई म्हणाल्या, थोडं थांबू, बघू."

बाईंनी तिथूनच हॉस्पिटलला फोन केला. विषबाधेचा संशय म्हणून ड्रायव्हरच्या रक्ताचा नमुना त्यांनी गोठवून ठेवला होता. तो संध्याकाळच्या आत सरकारी केमिस्टकडे पोचला.

तपासणीची खोली जिन्याखाली होती. एक काटा, एक खाट, एक कपाट, एक खिडकी. खिडकीतल्या कुंडीत काटक्या उभ्या होत्या. झाड कधीचं वाळून गेलं होतं. टेबलावर आरोग्य तपासणीची वही होती. नीटनेटकी, आखलेली. तारीख, कोण, वजन, रक्तदाब.

बाईंनी पानं उलटली. गेल्या वर्षभरात पंधरा जणांची तपासणी झाली होती. बारा जणांच्या वजनापुढे काही नव्हतं.

टायपिस्ट, बावन्न किलो. पुढे बारीक वर्तुळ.

ड्रायव्हर, ऐंशी किलो. वर्तुळ.

वजनकाका, चौसष्ट किलो. फुली.

हवालदार खांद्यावरून बघत होता. या वेळी त्याने विनोद केला नाही. "मॅडम," तो म्हणाला, "माणसांना?"

दारामागे सूचनाफलक होता. त्यावर आधीची, तीन आठवड्यांनंतरची तारीख खोडून ताईंच्या सुबक अक्षरात पुढची तपासणी लिहिली होती. उद्या, सकाळी आठ. शिपाई. उपाशी येणे.

*

दुसऱ्या दिवशी अकराला काकूंना कोर्टात न्यायचं होतं. आठला दहा मिनिटं असताना बाई जिन्याखालच्या खोलीबाहेर उभ्या होत्या. सोबत हवालदार, मालक, टायपिस्ट, ड्रायव्हर. कुणी चकार शब्द काढायचा नाही, असा हुकूम होता.

आत शिपाई काट्यावर उभा होता. "सत्तर," ताईंचा आवाज आला. "काही खाल्लं नाहीस ना? चहासुद्धा?"

"नाही ताई."

"शहाणा आहेस. बस. हे पी, एका दमात."

बाई आत शिरल्या आणि शिपायाच्या हातातला ग्लास काढून घेतला. शिपाई दचकून उभा राहिला. ताई दचकल्या नाहीत.

"साखरेचं पाणी?" बाईंनी विचारलं.

"हो. ग्लुकोजचं."

"मग तुम्हीच प्या, ताई."

"मी कशाला?"

"साखरेचंच पाणी आहे ना? प्या."

ताईंनी ग्लासाकडे पाहिलं, मग बाईंकडे. आणि तीस वर्षांची सवय तोंडातून निघून गेली.

"हा डोस माझ्या वजनाचा नाही."

बाहेरचे सगळे दारात येऊन उभे राहिले होते. टायपिस्ट मुलीने दोन्ही हात तोंडावर घेतले. आपण काय बोललो हे ताईंना सगळ्यांत शेवटी कळलं, आणि कळल्यावर त्या शांतपणे खुर्चीवर बसल्या.

"हवालदार, ग्लास सील करा," बाई म्हणाल्या. "ताई, मी सांगते, चुकलं तर दुरुस्त करा. तुमचा स्वभाव आहे तो."

ताईंनी पेनाला टोपण लावलं.

"तुम्हाला एकशे सतरा नंबरचा माणसाचा आकडा हवा होता. अंदाज नको होता. उंदरांवर करता तीच पद्धत तुम्ही माणसांवर वापरली. एका वेळी एक, आधी उपाशी, मग वजन, मग डोस, मग चार तास नजर. त्यासाठी आरोग्य तपासणी अंगावर घेतलीत. बारा जणांची खरीच तपासणी केलीत, म्हणजे कुणाला संशय नको. मग या पोरीला पहिला डोस दिलात, दर किलोमागे एक. ही जगली. पुढच्याला दुप्पट, दर किलोमागे दोन. ड्रायव्हरला. तो तडफडला, पण जगला. पुन्हा दुप्पट. दर किलोमागे चार. वजनकाका मेले."

ड्रायव्हर भिंतीला टेकला. "ताई?" तो म्हणाला. एवढंच.

"बाकी सगळे म्हणतात, काका बाराच्या सुमारास गेले. तुम्ही म्हणालात, बारा वाजून सात मिनिटांनी. आठपासून तुम्ही घड्याळ घेऊन बसला होतात. माणूस चार तास तुमच्यासमोर मरत होता, आणि डॉक्टरला पहिला फोन गेला बारा वाजून नऊ मिनिटांनी. मी फोन कंपनीकडून काढून आणलंय. त्यांनी तुमचा हात धरला होता म्हणता. तुम्ही त्यांची नाडी मोजत होतात."

मालकांनी रुमाल तोंडाला लावला.

"मग फ्लास्क दिसला. बायको आयतीच सापडेल म्हणून त्यात विष ओतलंत आणि एक झाकण चहा फेकून दिलात. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही न मोजता काहीतरी केलंत, आणि तिथेच फसलात. अंगातल्या विषाचा आणि चहातल्या विषाचा मेळ बसेना. काल रात्री ड्रायव्हरच्या जुन्या रक्तातही एकशे सतरा निघालं. आणि ही तुमची वही. वर्तुळ, वर्तुळ, फुली. कुणी सांगितलं होतं मांडायला? कुणी नाही. हात थांबला नाही तुमचा."

कपाटाच्या मागच्या फळीतून हवालदाराने दुसरी वही काढली. जाड, निळी. प्रत्येकाला आठ-आठ पानं दिली होती. दर पंधरा मिनिटांनी नोंद. 'घाम. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक. बायकोला बोलवा म्हणतो. उत्तर दिलं नाही.' बाईंनी तेवढं वाचलं आणि वही मिटली.

"सात हमाल," ताई म्हणाल्या.

"काय?"

"तीन वर्षांपूर्वी. गोदामात पोती फुटली. सात हमाल मेले. पोत्यावर लिहिलं होतं, एवढ्याने माणसाला धोका नाही. तो आकडा मी काढला होता. उंदरावरून, दहाने भागून. सही माझी होती." आवाज अजून मऊच होता. "तेव्हा पोलीस आले नाहीत. नियमाप्रमाणे होतं म्हणे सगळं. मला सातांपेक्षा कमी माणसांत खरा आकडा मिळाला असता. पाच पुरले असते. कदाचित एकच मेला असता. हिशेब करा, बाई."

"मला गणित येत नाही."

"मग एवढंच करा. ती निळी वही कोर्टात वाचा. मोठ्याने. मला काय व्हायचं ते होऊ दे. आकडा तेवढा नोंदला जाऊ दे."

ताईंच्या चेहऱ्यावर समाधान होतं. काम निम्मं का होईना, केल्याचं. ते पाहून बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. तपासात राग धरायचा नसतो, हे त्या नव्या पोरांना शिकवत. त्या क्षणी त्यांनी तो धरला, आणि मन लावून वापरला.

"ड्रायव्हर," त्या म्हणाल्या, "तू ते पाणी किती प्यालास?"

ड्रायव्हरने खिडकीकडे पाहिलं. "अर्धं. अर्धं त्या कुंडीत ओतलं."

ताईंची मान झटक्यात वळली. कुंडीतल्या काटक्यांकडे त्या बघत राहिल्या.

"म्हणजे दोनचा डोस कुणाला मिळालाच नाही," बाई म्हणाल्या. "तुमचं दुसरं वर्तुळ खोटं. आणि वजनकाका उपाशी नव्हते. ब्रेड आणि अंडं खाऊन आले होते. शवविच्छेदनात आहे. पोटात अन्न असलं की आकडा बिघडतो. तुम्हीच शिकवलंत मला."

"ते... मी विचारलं होतं. नाही म्हणाले."

"खोटं बोलले. माणसं बोलतात. उंदीर बोलत नाहीत." बाई जवळ वाकल्या. "तुमच्या वहीत काही नाही, ताई. एकही आकडा नाही. तुम्ही एक माणूस मारलात आणि तुम्हाला काहीसुद्धा कळलेलं नाही."

तोवर रडं नव्हतं, पश्चात्ताप नव्हता. आता ताईंचं तोंड वेडंवाकडं झालं. त्या टेबलावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडू लागल्या, आणि रडतारडता एकच म्हणत होत्या, परत करावं लागेल, सगळं पहिल्यापासून परत करावं लागेल.

बाईंना बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

*

साडेनऊला त्यांनी कोठडीचं दार स्वतः उघडलं. काकू कोर्टात जायला म्हणून केस विंचरून बसल्या होत्या.

"काकू, तुम्ही सुटलात."

बाईंनी सगळं सांगितलं. थोडक्यात, निळी वही वगळून. काकूंनी ऐकून घेतलं. सुटल्याचा आनंद चेहऱ्यावर उमटला नाही. त्या दुसरंच काहीतरी विचारायचं म्हणून थांबल्या होत्या.

"ते अंडं मीच दिलं होतं," अखेर त्या म्हणाल्या. "आदल्या दिवशी भांडलो होतो. मर म्हणाले होते मी. सकाळी बघितलं तर उपाशी निघालाय. जीव राहीना. जिन्यात गाठून हातात कोंबलं. म्हटलं, कुणाला सांगू नकोस. तुम्ही विचारलंत तेव्हा वाटलं, तपासणीच्या दिवशी खाल्लं म्हणूनच मेला. माझ्याच हाताने मेला."

"नाही, काकू. उलट तुमच्या अंड्यानेच त्या बाईचा सगळा डाव उधळला. तिला हवं होतं ते तिला मिळालंच नाही. आकडाच लागला नाही तिला." मघाचं समाधान बाईंच्या बोलण्यात अजून होतं.

काकूंनी हातातला कंगवा बाकावर ठेवला.

"म्हणजे तो कशाच्याच कामी नाही आला?" त्यांनी विचारलं. "नुसताच मेला?"

मघाशी हेच वाक्य ताईंच्या तोंडावर मारताना ते किती सोपं गेलं होतं, हे बाईंना आठवलं.

"इथे सही करा," त्या म्हणाल्या, आणि कागद पुढे सरकवला.

काकूंनी सही केली. मग त्यांनी फ्लास्क मागितला. तो खटला संपेपर्यंत मिळणार नाही, हे बाईंनी त्यांना सांगितलं.